मदतीचे जागतिक कार्यक्रम आणि कॅमेऱ्यांची गर्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेतरी दुष्काळ पडतो, भूकंप होतो, युद्ध पेटतं. काही आठवड्यांत एखाद्या भव्य स्टेडियममध्ये मदतनिधीसाठी कार्यक्रम जाहीर होतो आणि बघता बघता मूळ संकटापेक्षा त्या कार्यक्रमाच्याच बातम्या जास्त दिसायला लागतात. वृत्तकक्षात डेस्कवर बसून अशा बातम्या मी बरीच वर्षं लावल्या, त्यामुळे पुढचे प्रश्न मला फिरून फिरून विचारले जातात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

संकटापेक्षा कार्यक्रमाची बातमी मोठी का होते?

कार्यक्रमाला तारीख असते, म्हणून. वृत्तकक्षाला आधी तारीख लागते, मग वेळ, मग कॅमेरा लावायची जागा. संयोजक या तिन्ही गोष्टी महिनाभर आधी हातात ठेवतात, वर ओळखीचे चेहरे देतात. दुष्काळ यातलं काहीच देत नाही. तो पावलं न वाजवता येतो. ‘आज दुष्काळ सुरू झाला’ अशी बातमी कुणालाच देता येत नाही.

थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉम्बर्ग या अभ्यासकांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५,००० आपत्ती आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या बातम्या ताडून पाहिल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अंगावर येतो. ज्वालामुखीत एक माणूस दगावला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी शक्यता अन्नटंचाईच्या वाट्याला यायला जवळपास ४०,००० माणसं मरावी लागतात. ऑलिंपिकच्या दिवसांत आलेल्या आपत्तींना बातम्यांत जागा मिळत नाही, आणि अमेरिकी सरकारकडून मदत मिळण्याची शक्यताही त्यामुळे घटते, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे तुमचं घर कुठल्या आठवड्यात वाहून गेलं, यावरही बरंच अवलंबून असतं.

मदतनिधीचे कार्यक्रम हीच उणीव भरून काढतात. ज्या संकटाला तारीख नाही, त्याला ते एक तारीख मिळवून देतात.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

मदतीचे जलसे फार जुने आहेत. पण परदेशातलं संकट, पहिल्या फळीचे कलाकार, आणि नंतर त्याच कार्यक्रमाची रेकॉर्ड नि चित्रपट, हा साचा पडला तो १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तान आधीच मोडून पडला होता. मार्चनंतर लष्करी कारवाई सुरू झाली आणि लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येऊ लागले. पंडित रविशंकर यांनी ही व्यथा आपला मित्र, ‘बीटल्स’चा गायक जॉर्ज हॅरिसनच्या कानावर घातली. पुढच्या काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी नावं जुळली आणि एकाच दिवशी दोन खेळ झाले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० प्रेक्षक होते.

सुरुवात हिंदुस्थानी संगीताने झाली. रविशंकर यांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्लारखाँ यांचा तबला, कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा. वाद्यं सुरात लावण्यात दीडएक मिनिट गेलं, सूर जुळले आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. नुसतं सूर लावणं एवढं आवडलं असेल तर प्रत्यक्ष वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर हसून म्हणाले. हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. मला त्यात या सगळ्या प्रकाराचं गुपित दिसतं: मंचावर काय चाललंय हे कळायच्या आतच लोक टाळ्या द्यायला तयार होऊन आलेले असतात. चांगला संयोजक त्या तयारीचा उपयोग करून घेतो.

त्या दिवसाने पैशापलीकडेही एक काम केलं. अमेरिकी सरकारचा कल पाकिस्तानकडे असताना ‘बांगलादेश’ हा शब्द सामान्य अमेरिकी घरांत पोचला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला, रेकॉर्डच्या वेष्टनावर छापला गेला. तो देश अजून स्वतंत्र व्हायचा होता.

जाहीर झालेला आकडा आणि प्रत्यक्ष पोचलेला पैसा यांत फरक का पडतो?

पुन्हा १९७१ चंच उदाहरण घेऊ. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. खरी कमाई मात्र अल्बम आणि चित्रपटाची होती आणि ती कित्येक वर्षं अडकून पडली. युनिसेफला आधीपासून रीतसर सहआयोजक करून घेतलेलं नव्हतं, त्यामुळे अमेरिकेच्या करखात्याने हे उत्पन्न करमुक्त मानायला नकार दिला. १९८५ पर्यंत १ कोटी २० लाख डॉलरच्या घरात रक्कम पोचती झाली, पण ज्या निर्वासित मुलांसाठी ती जमवली होती, ती तोवर मोठी झाली होती. हेतूत कुठे खोट नव्हती. एक अर्ज वेळेवर गेला नाही, एवढंच.

तेव्हापासून संयोजक शहाणे झाले. इथिओपियाच्या दुष्काळासाठी १९८५ मध्ये झालेल्या ‘लाइव्ह एड’ या कार्यक्रमाच्या आधीच, कलाकारांच्या ‘बँड एड’ या गटाचा निधी सांभाळणारा बँड एड ट्रस्ट नोंदवलेला होता. तरीही करांची कटकट चुकली नाहीच: १९८४ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवरचा विक्रीकर सोडायला ब्रिटिश सरकार आधी तयार नव्हतं. लोक चिडले, तेव्हा तेवढ्याच रकमेची भर सरकारने निधीत घातली. माध्यमांच्या रेट्याने झालेली ही अगदी रोकडी कमाई.

फरक पडण्याची बाकीची कारणं रोजच्या व्यवहारातली आहेत. मंचावरून जाहीर होतात ती बरेचदा आश्वासनं असतात. फोनवर शब्द दिलेले सगळेच पैसे भरत नाहीत. कधी एकूण जमा सांगतात आणि खर्च वजा जाता काय उरलं ते सांगत नाहीत. कधी प्रायोजकाने किंवा एखाद्या सरकारने आधीच ठरवलेली देणगी त्या संध्याकाळच्या खात्यावर मांडली जाते.

हे लपवलंच जातं असंही नाही. कोविडच्या साथीत, १८ एप्रिल २०२०च्या ‘वन वर्ल्ड: टुगेदर ॲट होम’ या घरबसल्या कार्यक्रमात प्रेक्षकांकडे पैसे मागायचेच नाहीत असं ठरलं होतं. गायिका लेडी गागा आणि ‘ग्लोबल सिटिझन’ संस्थेने कंपन्या आणि बड्या दात्यांकडून निधी आधी उभा केला, प्रक्षेपण नंतर झालं. जाहीर झालेला आकडा होता १२ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक. बऱ्याच बातम्यांत मात्र हा पैसा प्रेक्षकांनी कार्यक्रम बघता बघता दिला, असाच सूर होता.

एकदा माझ्या हातात एका कार्यक्रमाची प्रेसनोट पडली, कार्यक्रम संपायला चांगला तास बाकी असताना. ‘अभूतपूर्व प्रतिसाद’ हे शब्द ठळक टाइपात, आणि रकमेच्या जागी टिंबं. आकडा नंतर कळवू, असा निरोप सोबत होता. तेव्हापासून ‘अभूतपूर्व’ हा शब्द दिसला की मी आधी टिंबं शोधतो.

‘दीडशे कोटी लोकांनी पाहिलं’ हे खरं मानायचं का?

१३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडबद्दल दीडशे कोटींपासून एकशे नव्वद कोटींपर्यंतचे आकडे सांगितले जातात. तेव्हा जगाची लोकसंख्या पाचशे कोटींच्याही आत होती. म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर पाच माणसांतली दोन टीव्हीसमोर होती असं मानायचं. असे आकडे बहुधा ‘प्रक्षेपण जिथे दिसू शकलं असतं’ तिथली माणसं मोजून काढलेले असतात. दिसू शकणं आणि बघणं यांत अख्खा समुद्र आहे. लंडनच्या वेम्बली स्टेडियममधले सुमारे ७२,००० आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले ९०,००० च्या आसपास, हे मात्र तिकिटावर मोजलेले.

लोक गाण्यांना पैसे देतात की दृश्यांना?

दृश्यांना, पण गाण्यांशिवाय ते दृश्यांपर्यंत येत नाहीत.

इथिओपियाच्या दुष्काळाचं पाहा. ब्रिटनमधल्या मदत संस्थांनी जुलै १९८४ मध्येच एकत्र आवाहन केलं होतं. खरी खळबळ उडाली ती २३ ऑक्टोबरला. बीबीसीवर मायकल ब्युअर्क यांचं इथिओपियातल्या कोरेमहून केलेलं वार्तांकन दाखवलं गेलं. कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीन यांचा. पहाटेच्या गारठ्यात, धुक्यात, कापडात गुंडाळून ओळीने ठेवलेली प्रेतं. जगभरातल्या चारशेहून अधिक वाहिन्यांनी ती चित्रफीत दाखवली. ती पाहूनच गायक बॉब गेल्डॉफने संगीतकार मिज युरला गाठलं आणि ‘बँड एड’ या नावाने कलाकारांची मोट बांधली.

आता लाइव्ह एडचा दिवस. दुपार सरली तरी देणग्यांचा ओघ गेल्डॉफच्या मनासारखा नव्हता. बीबीसीच्या कक्षात निवेदक टपालाचा पत्ता सांगायला निघाला तेव्हा गेल्डॉफ टेबलावर हात आपटून, थेट प्रक्षेपणात शिवी हासडून म्हणाला की पत्ता राहू दे, फोन नंबर सांगा. (‘मला तुमचे पैसे द्या’ असं तो शिवीसकट ओरडला, ही प्रचलित आठवण चुकीची आहे.) संध्याकाळी गायक डेव्हिड बोवीने आपलं एक गाणं कमी केलं आणि त्या वेळात कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने टिपलेली दुष्काळाची दृश्यं पडद्यावर दाखवायला लावली. स्टेडियम गप्प झालं. फोन त्यानंतर खऱ्या अर्थाने खणखणू लागले.

जानेवारी १९९२ पर्यंत बँड एडने एकूण १४ कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला. त्यातून धान्य गेलं तसे ट्रकही गेले, कारण बंदरात उतरलेलं धान्य आत न्यायला वाहनं नव्हती आणि वाहतूकदार अडवून भाव मागत होते. ट्रकचं छायाचित्र पहिल्या पानावर कुणी छापत नाही, ही आमच्या धंद्याची खोड.

पैसे न मागणारे कार्यक्रम कशासाठी असतात?

दबाव आणण्यासाठी. ११ जून १९८८ ला वेम्बलीत नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्त झालेला कार्यक्रम ६७ देशांत दिसला. अमेरिकेत फॉक्स वाहिनीने त्यातला राजकीय मजकूर बराच कापला. वर्णभेदाविरुद्धच्या कार्यक्रमातून वर्णभेदच वगळण्याची करामत. मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले आणि एप्रिलमध्ये त्याच वेम्बलीत स्वतः बोलायला उभे राहिले. सुटकेचं श्रेय गाण्यांना देणं भाबडेपणा ठरेल, पण एका कैद्याचं नाव घराघरांत पोचवण्यात त्या दिवसाचा वाटा होता.

२ जुलै २००५ चा ‘लाइव्ह ८’ही याच जातीचा. स्कॉटलंडमध्ये बड्या आठ राष्ट्रांची बैठक भरणार होती, त्याच्या आधी गरीब देशांची कर्जं माफ करा आणि मदत वाढवा ही मागणी. लंडनच्या हाइड पार्कमधल्या कार्यक्रमाची तिकिटं एसएमएस सोडतीने फुकट वाटली गेली; संदेश आले वीस लाखांहून अधिक. काहींनी मिळालेली तिकिटं लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला काढली, गेल्डॉफ खवळला, आणि संकेतस्थळाला ती काढून टाकावी लागली. बैठकीत २०१० पर्यंत वर्षाला ५,००० कोटी डॉलरने मदत वाढवण्याचं आश्वासन मिळालं. पण बैठक चालू असतानाच, ७ जुलैला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. सगळे कॅमेरे तिकडे वळले, आणि ते वळणं रास्तही होतं. आश्वासनाची बातमी आतल्या पानांत गेली. पुढे २०१० उलटलं तरी पूर्ण रक्कम दिली गेली नव्हती. ती बातमी आणखी आत.

कलाकार फुकट गातात ना? मग त्यांना काय मिळतं?

बहुतेक जण मानधन घेत नाहीत. प्रसिद्धी मात्र मिळते, कधी अनपेक्षितपणे. मंडेलांच्या १९८८ च्या कार्यक्रमात ट्रेसी चॅपमन ही तेव्हा फारशी माहीत नसलेली गायिका आपली गाणी म्हणून उतरली होती. संध्याकाळी गायक स्टिव्ही वंडरच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हार्ड डिस्क सापडेना. तो न गाताच खाली उतरला आणि रिकामी वेळ भरायला हिला एक गिटार देऊन पुन्हा मंचावर पाठवलं. जगाने तिला पाहिलं ते तेव्हा, आणि तिचा पहिला अल्बम धडाधड खपला. ती काही ठरवून आली नव्हती. प्रसिद्धी मिळाली म्हणून दानत खोटी ठरत नाही. कार्यक्रमाच्या आठवड्यात नवा अल्बम बाजारात आणणाऱ्यांना मात्र प्रश्न जरूर विचारावेत.

पीडितांची छायाचित्रं दाखवणं चूक आहे का?

या प्रश्नावर मदत संस्थांच्या आत जितकी भांडणं होतात तितकी पैशावरूनही होत नाहीत.

एका चेहऱ्याला माणूस हात सैल सोडतो, आकड्याला नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या प्रयोगात मालीतल्या एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी, लाखोंच्या उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा जास्त पैसे दिले. गोष्टीला आकडेवारी जोडली तर देणगी उलट कमी झाली. त्यामुळे आवाहनात उपाशी मूल येणार हे ठरलेलंच. १९७१ च्या अल्बमच्या वेष्टनावरही तेच होतं.

पण अशा शेकडो चित्रांतून एक अख्खा खंड कायमचा हात पसरलेला दिसू लागतो. इथिओपियाच्या अनुभवानंतर युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी १९८९ मध्ये प्रतिमांबाबत आचारसंहिता केली: माणसाला दयेचा विषय करू नका, त्याचं म्हणणं त्याच्या तोंडून येऊ द्या. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने एक खट्याळ चित्रफीत काढली: थंडीने कुडकुडणाऱ्या नॉर्वेकरांसाठी आफ्रिकेतले लोक हीटर गोळा करतात! एवढ्या एका विनोदाने जे साधलं ते कित्येक परिसंवादांना साधलं नव्हतं.

मंचावर कोण उभं राहतं, हाही याच प्रश्नाचा भाग. लाइव्ह एडमध्ये आफ्रिकी कलाकार जवळपास नव्हते. वीस वर्षांनी लाइव्ह ८च्या वेळी तीच टीका झाली, तेव्हा गायक पीटर गॅब्रिएलच्या पुढाकाराने आफ्रिकी कलाकारांचा वेगळा कार्यक्रम झाला, तो इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये, मुख्य मंचापासून कोसो दूर. आफ्रिकेसाठीच्या कार्यक्रमात आफ्रिका पाहुण्यांच्या पंगतीला. ब्रिटनच्या ‘कॉमिक रिलीफ’ या मदतनिधी जमवणाऱ्या संस्थेवर २०१९ मध्ये खासदार डेव्हिड लॅमी यांनी ‘गोरे तारणहार’ दाखवण्यावरून कडक टीका केली. पुढच्या वर्षी संस्थेने तारेतारकांना आफ्रिकेत पाठवून चित्रफिती काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

माझं मत विचाराल तर छायाचित्र दाखवावं, पण त्यातल्या माणसाला विचारून, त्याच्या म्हणण्यासह, आणि त्याच्या शेजारी हसरा पाहुणा बसवल्याशिवाय.

माध्यमांनी खोदकाम केलं तर मदत आटते, मग गप्प बसलेलं बरं नाही का?

नाही. पण खोदणाऱ्यालाही पुरावा लागतो. २०१० मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने इथिओपियातल्या बंडखोरांनी ऐंशीच्या दशकात मदतीचा पैसा शस्त्रांकडे वळवल्याची बातमी दिली. त्यात बँड एडचा पैसाही होता असा समज झाला. त्याला पुरावा नव्हता, आणि त्याच वर्षी बीबीसीला जाहीर माफी मागावी लागली. दुसरीकडे, १९८५ मध्येच ‘मेदसाँ साँ फ्रोंतिएर’ या डॉक्टरांच्या मदत संस्थेच्या फ्रेंच पथकाने मदतीच्या आडून इथिओपियाचं मेंगिस्तू सरकार लोकांना सक्तीने स्थलांतरित करतंय असं उघड सांगितलं. त्यांना डिसेंबरमध्ये देशाबाहेर काढण्यात आलं. ज्यांच्या मदतीसाठी जग गात होतं तिथलाच हा प्रकार, आणि त्याला मिळालेली जागा गाण्यांच्या मानाने नगण्य.

बंद दाराआडच्या मेजवान्यांना तर बाहेरची नजर हवीच. जानेवारी २०१८ मध्ये फायनान्शियल टाइम्सची वार्ताहर लंडनच्या ‘प्रेसिडेंट्स क्लब’च्या फक्त पुरुषांसाठीच्या दानमेजवानीत पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या मुलींपैकी एक बनून शिरली. तिथल्या मुलींशी होणारं वर्तन छापून आलं आणि दुसऱ्याच दिवशी तो क्लब बंद झाल्याचं जाहीर झालं.

लोकांचं लक्ष टिकतं तरी किती दिवस?

थोडे. सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रकिनारी पालथ्या पडलेल्या चिमुकल्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगाने पाहिलं. स्वीडनच्या रेडक्रॉसच्या सीरिया निधीला त्या आठवड्यात रोज देणाऱ्यांची संख्या आधीच्या शंभरपटीहून वर गेली आणि काही आठवड्यांत ओसरली. युद्ध काही ओसरलं नव्हतं.

याची दुसरी बाजू म्हणजे गरजेपेक्षा जास्त लक्ष. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इतका पैसा आला की ‘मेदसाँ साँ फ्रोंतिएर’ने जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं: त्सुनामीसाठी पुरेसे झाले, आता पाठवू नका. आलेला पैसा इतर संकटांकडे वळवू का, असं दात्यांना विचारलं आणि बहुतेकांनी होकार दिला. काही संस्थांना हा स्पष्टपणा आवडला नव्हता.

लिलाव, सामने, मेजवान्या यांचं काय?

यंत्रणा तीच, गर्दी लहान. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाने जून १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आपले ७९ पोशाख लिलावात काढले, तीस लाखांहून अधिक डॉलर जमले. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत अंगोलाच्या सुरुंगक्षेत्रातून ती चिलखत घालून चालली, त्या काही मिनिटांच्या दृश्याचं मोल त्याहून मोठं ठरलं. भूसुरुंगबंदीचा ओटावा करार त्याच डिसेंबरात झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये केपटाउनला टेनिसपटू रॉजर फेडरर आणि राफेल नदाल यांचा मदतीसाठीचा सामना पाहायला ५१,९५४ प्रेक्षक आले होते.

मी नवखा वार्ताहर आहे. कार्यक्रमाच्या दिवशी काय विचारू?

कलाकाराला ‘कसं वाटतंय’ सोडून काहीही. संयोजकाला विचारा: सांगितलेली रक्कम जमा झालेली की कबूल केलेली? त्यातून खर्च वजा झालाय का? पैसा कुठल्या संस्थेच्या खात्यात जाणार आणि त्या संस्थेची माणसं आज तिथे, संकटाच्या जागी, आहेत का? प्रक्षेपणाचे आणि रेकॉर्डिंगचे हक्क कुणाकडे? हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस हमखास कुणाला तरी फोन लावतो. तो परत येईपर्यंत थांबा.

नंतर हिशेब कुठे बघायचा?

इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदणीकृत संस्थांचे वार्षिक हिशेब धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणालाही पाहता येतात; अमेरिकेतल्या संस्थांचं ‘फॉर्म ९९०’ नावाचं विवरणपत्रही सार्वजनिक असतं. फक्त ते महिनोन्महिने मागून येतात. डेस्कवर असताना मी पुढच्या वर्षीच्या डायरीत कार्यक्रमाच्या तारखेवर ‘हिशेब?’ एवढंच लिहून ठेवायचो. त्यातल्या निम्म्या दिवशी पान भरलेलं असायचं आणि संपादक म्हणायचे, उद्या बघू.